वाटेतल्या पेशी

३ जून
दादाच्या यकृतात लिंबाएवढी गाठ निघाली. आज सुई घालून पेशी काढल्या. वहिनी म्हणाली, दुसऱ्या कुणाकडे नको, तूच बघ. नाही म्हणायला हवं होतं! घरच्या माणसाची स्लाइड आपण बघू नये, हे लॅबभर मीच सांगत फिरते.

४ जून
चार स्लाइड. तिसरीत यकृताच्या अगदी साध्या पेशी, आणि त्यांच्यात पित्तनळीच्या पेशींचा छोटा पुंजका. यकृताच्या कॅन्सरला स्वतःच्या पित्तनळ्या नसतात. जीव भांड्यात पडला. बाकीच्या तीन भरभर उरकल्या आणि दादाला फोन केला – काही नाही रे, साधी गाठ आहे. पलीकडे वहिनी रडायलाच लागली.

५ जून
चैन नाही. पुंजका एकच का? रिपोर्ट टाइप होऊन पडलाय, सही करवत नाही. पेन सापडत नाही म्हणून टायपिस्टला दोनदा परत पाठवलं. पेन खिशातच होतं.

६ जून
लॅबप्रमुख सरांना पहिली स्लाइड दिली, कुणाची ते न सांगता. त्यांचा चहा गार झाला. पेशी दिसायला सभ्य, पण जाड जाड रांगांत, आणि प्रत्येक रांगेला बारीक रक्तवाहिन्यांचा वेढा. कॅन्सरच, ते म्हणाले. मी घाईघाईने तिसरी पुढे सरकवली.
"अहो, या वाटेतल्या! सुई गाठीपर्यंत चांगल्या यकृतातूनच गेली ना?"
हे मी दरवर्षी विद्यार्थ्यांना शिकवते. फळ्यावर सुईचं चित्र काढून! परवा मला नुसता दादा दिसत होता.

७ जून
सांगून आले. वहिनी उठून आत गेली. दादा म्हणाला, चुकलीस म्हणजे नेमकं कुठे, दाखव. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर यकृत, गाठ आणि सुई काढली. तेवढा तुकडा फाडून त्याने खिशात घातला. माझी चुकलेली गणितंही तो अशीच जपून ठेवायचा, पुढे चिडवायला.

८ जून
रागावला असता तर बरं झालं असतं.

१२ जून
सर्जनच्या टेबलावर दादाने तोच तुकडा पसरला. सुईच्या रेषेवर बोट ठेवलं.
"आमची शहाणी म्हणते, या वाटेतलं यकृत सगळं चांगलं आहे. मग गाठ तेवढी कापता येईल ना?"
सर्जनने सीटी स्कॅन पुन्हा एकदा पाहिला. मंगळवारी ऑपरेशन.