खिडकीतून आलेली मुलगी

माय, काल तुझ्यासाठी एक निरोप आला. तू जाऊन इतकी वर्षं झाली, आता मला कोण निरोप पाठवणार, असं तुला वाटेल. पण आला खरा, आणि तो माझ्याकडेच दिलाय. निरोप शेवटी सांगते. गोष्ट अर्ध्यातून सांगितलेली तुला कधी चालायची नाही.

तू गेलीस तेव्हा मी मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला होते, आणि तू पिंपळगावला द्राक्षं भरायच्या पॅकहाउसमध्ये, कामावरच्या सगळ्यांना सांगत सुटली होतीस की माझी पोरगी डॉक्टरीण आहे. मी म्हणायचे, माय, अजून झाले नाही गं. तू म्हणायचीस, "व्हशीच ना." तर झाले. आता नाशिकला बाळंतपणं करते. आमच्या वॉर्डात बायका कुठून कुठून येतात. कारखान्यातल्या कामगारांच्या बिहारकडच्या बायका, बांधकामावरच्या, द्राक्षबागांत कामाला आलेल्या पेठ-सुरगाण्याच्या. बाई आत यायच्या आधी तिचं गाव आत येतं. बिहारची असली की सिझरला घाबरणारच. हैदराबादकडची असली की तिच्या आईबहिणींची सिझरच झालेली, तेव्हा हीही तारीख ठरवूनच येणार. डोंगराकडची असली की आपोआप सुटणार. गंमत म्हणजे पुष्कळदा तसंच होतं, म्हणून ते सगळ्यांच्या डोक्यात घट्ट बसलंय.

तुझ्या पहिल्या बाळंतपणाच्या वेळीही ते असंच बसलेलं होतं. सटाण्याकडून नवी नवी आलेली तू, कळा देत पडलेली, आणि जो तो म्हणत होता, बागलाणातली बाई आहे, शेतात राबलेली, काटक, होईल. झालंही. पण माझा भाऊ रडलाच नाही. हे तू मला एकदाच सांगितलंस, भाकरी थापता थापता, हात न थांबवता. मी चुलीपाशी बसलेय, तव्यावरची भाकरी फुगतेय, आणि तुझ्याकडे बघायची माझी हिंमत होत नाही. मग माझ्या वेळी तू दवाखान्यात पाऊल ठेवल्या ठेवल्या डॉक्टरबाईंना म्हणालीस, "माले दखा, मना गावले दखू नका." त्यांनी तुला पाहिलं आणि वेळेवर सिझर करून मला बाहेर काढलं. पॅकहाउसमधल्या बायका तुला चिडवायच्या, तुझी पोरगी दारातून नाही, खिडकीतून आली. घडातले खराब मणी कात्रीने काढता काढता तू म्हणायचीस, "खिडकीमाईन उनी, पन उनी ना." असं बोलायला माझ्या वर्गातल्या कुणाची आई धजली नसती.

गेल्या आठवड्यात दुपारी सुरगाण्याकडची एक जण आली. पहिलटकरीण, थेट बागेतून आलेली, नखांत अजून माती. कळा जोरात होत्या पण तोंडातून आवाज नाही. आमच्या सिस्टर मुरलेल्या आहेत, मनाने चांगल्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, ह्या बायका ओरडत नाहीत नि अडतही नाहीत. होईल." ते 'होईल' ऐकलं आणि मी तिच्या खाटेपाशी गेले. मी तिच्याकडे पाहिलं. ओठ चावून चावून रक्ताळलेला. बाळाचं डोकं पुढे सरकत नव्हतं, आणि दर कळेनंतर त्याचे ठोके मंदावत होते. मी म्हटलं, सिझर करू या.

तिने माझं मनगट धरलं. "आमच्यात पोट फाडीत नाय. फाडलेली बाई टिकत नाय." नवरा दारात उभा, तो तिच्या तोंडाकडे बघत होता, ती म्हणेल तेच तो करणार होता. वेळ फार नव्हता. मी तिच्याजवळ बसले, म्हटलं, मीसुद्धा पोट फाडूनच जन्मले. माझ्या आईला बायका म्हणायच्या, तुझी पोरगी खिडकीतून आली. त्यानंतर तिने कित्येक वर्षं द्राक्षांचे क्रेट उचलले.

तिने कळ जाऊ दिली. मग विचारलं, "हाये का तुमची आय?"

मी म्हणाले, "आहे की. पिंपळगावला असते."

"चालती फिरती?"

"माझ्यापेक्षा जास्त."

तिने मनगट सोडलं आणि नवऱ्याकडे बघून होकाराची मान हलवली.

काल ती घरी गेली. जाताना बाळ माझ्यापुढे धरून म्हणाली, "तुमच्या आयला सांगा, माझी बी खिडकीतून आली." सिस्टर शेजारीच होत्या. तू नाहीस हे त्यांना ठाऊक आहे. त्या बाळाचं टोपडं नीट करत राहिल्या.

तर माय, निरोप एवढाच. मुलगी झाली. चांगली रडली, वॉर्डभर ऐकू गेलं. हा कागद टाकायला पत्ता नाही, तो माझ्या कपाटातच राहील. पेशंटशी खोटं बोलायचं नाही, असं मी शिकाऊ डॉक्टरांना रोज बजावते. आणि तरी सांगते, त्या दुपारी तू आहेस म्हणताना मला खोटं बोलल्यासारखं जरासुद्धा वाटलं नाही.