बोटीवरच्या संडासाचा पंप

बाबा, बोटीवरच्या संडासाचा पंप मी शेवटी नवाच घेतला. रजेवर डोणगावला आले आहे, तुमच्या हापसे दुरुस्तीच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसून हे लिहिते आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुम्ही रागावाल ही भीती काही गेली नव्हती. आज ती जरा कमी वाटते आहे.

गोव्यात मी एका शिडाच्या बोटीची देखभाल करते. तिचे म्हातारे मालक तिच्यावर एकटेच राहतात. संडासाचा पंप म्हणजे तुमच्या हापशाचा धाकटा भाऊ. दांडा मारला की समुद्राचं पाणी आत येतं, घाण बाहेर जाते. भांडं मात्र पाण्याच्या पातळीखाली, त्यामुळे आतली रबरी झडप नीट मिटली नाही तर समुद्र थेट घरात. वर्षभरात पंप तीनदा गळला. "अगं, नवा आण ना," मालक म्हणायचे, आणि मी हट्टानं तोच उघडून बसायचे. कारण चौदा वर्षांची असताना दुसरबीडच्या एका गिऱ्हाइकाला मी "नवाच घ्या" म्हणाले होते आणि तुम्ही त्याच्यादेखत मला म्हणालात, "नवं घ्या म्हनायले अक्कल लागते काय? मंग आपन इथं कायले बसलो?" तो माणूस हसला. मी आत जाऊन रडले. संध्याकाळी तुम्ही सरकीच्या तेलाची वाटी माझ्यापुढे ठेवलीत, त्यात हापशाचे चामड्याचे वायसर बुडवलेत. "भिजू दे चांगले. चामडं तेल पेलं का पानी सोडत नाही." माफी मागायची तुमची ती पद्धत होती, हे मला फार उशिरा कळलं.

बोटीतली रबरी झडपही मी दर वेळी तशीच तेलात भिजवून बसवत होते. चामडं तेलानं मऊ होतं, रबर फुगून वाकडं होतं, हे मी कधी कुणाला विचारलंच नाही.

एका सकाळी बोटीवर उतरते तर मालक घोटाभर पाण्यात उभे, हातात बादली. मी आधी समुद्राकडचा कॉक, म्हणजे पाणी आत येण्याची तोटी, बंद केला. "आणखी दोन तास झोपलो असतो तर?" ते एवढंच म्हणाले. पंप उघडला, झडप भज्यासारखी फुगलेली. "तेल मीच लावत होते. चूक माझी आहे," मी सांगून टाकलं. आता नोकरी गेली असंच धरून चालले होते.

ते खाली बसले. "बरं झालं कळलं. मला वाटत होतं, बोटच म्हातारी झाली."

नवा पंप अर्ध्या तासात बसला. तुमचं चुकलं नव्हतं, बाबा, हापशाला तेच बरोबर होतं.

आई आतून विचारते आहे, "कोनाले लिहून राह्यली वो?" मी म्हणाले, कुणाला नाही.

एक मात्र सांगते. आजवर कुठलाही नट फिरवताना तुम्ही माझ्या पाठीमागे उभे असायचात. त्या दिवशी चारही बोल्ट आवळून झाले तरी तुमची एकदाही आठवण आली नाही, आणि मला फार हलकं वाटलं.