खलियातलं मीठ

उस्ताद,

गुलमंडीतल्या त्या जुन्या कापड दुकानाच्या इमारतीत आज संध्याकाळी माझ्या मुलाचं हॉटेल सुरू होतंय. तीच इमारत, जिच्या लाकडी जिन्यावर तुमची नवी चप्पल तुटली होती आणि तुम्ही जिन्यालाच शिव्या घातल्या होत्या. आता जिन्याला पॉलिश झालंय, दाराला झेंडूचं तोरण आहे. मुलगा वाळूजच्या कंपनीतली नोकरी सोडून बसलाय, आणि सून पाटीवर सगळ्यात वर नान-खलिया लिहून बसलीय. मटणाचा तो खलिया माझ्या हातचा, म्हणजे तुमच्याच हातचा. मागच्या अंगणात चुलीवर देग चढलीय आणि मला भीती वाटतेय. सत्तरी ओलांडलीय, आणि दिवाळीतल्या तापानंतर मला मिठाची चव कळत नाही. तिखट झोंबतं, गोड थोडंफार लागतं, मीठ मात्र नाहीच. डॉक्टर म्हणाला, चव येईल हळूहळू. चार महिने झाले, आली नाही. घरात कुणाला सांगितलेलं नाही. सूनबाईनं काहीही वाढलं की 'छान झालंय' म्हणतो. हे सोंग घरात खपलं, पण आज पहिल्या पंगतीला तुमची मुलगी येणार आहे. बापाच्या हातची चव ती पहिल्या घासाला ओळखेल, आणि माझी चूकही.

मी तुमच्याकडं देगीच्या कामाला आलो तेव्हा चांगला बावीस वर्षांचा होतो, सिल्लोडकडची मेंढरं सोडून शहरात आलेला. रमजानात तुमचा रोजा असायचा. दुसरे उस्ताद जिभेवर थेंब घेऊन थुंकून टाकायचे, तुम्हाला तेही चालत नसे. देग उतरवायच्या आधी पळीत रस्सा घेऊन तुम्ही मला हाक मारायचात. मी चाखून सांगायचो, तुम्ही त्याप्रमाणे मीठ टाकायचात. "महिनाभर तेरी जबान मेरी," असं म्हणायचात तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

मग ती संकष्टी आली. गावाकडं आईला दिसेनासं झालं होतं, तिच्यासाठी मी उपवास धरला होता. तुम्हाला बोललो नाही. वाटलं, जीभच कामाची नाही म्हटल्यावर हा माणूस मला ठेवेल कशाला? मशिदीत इफ्तारीला जाणारी देग होती. मीठ टाकता टाकता तुम्हाला कुणीतरी दारात बोलावलं आणि परत येऊन तुम्ही पुन्हा मीठ टाकलंत. मग पळी माझ्यापुढं केलीत. मी पाठ वळवून ती ओठांना लावल्यासारखं केलं, रस्सा राखेत ओतला आणि म्हणालो, बराबर है. संध्याकाळी माणसं पहिला घास घेतात आणि हात थांबतात. एकजण पाण्याचा तांब्या ओढून घेतो. रोजा सोडून तुम्ही स्वतः रस्सा चाखता आणि माझ्याकडं बघता.

"चखा था?"

"हां, उस्ताद."

"अच्छा."

एवढंच. शिव्या दिल्या असत्यात तर बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी पळी पुढं करण्याआधी तुम्ही विचारलंत, "आज उपास तो नै ना तेरा?" आदल्या दिवशी मी चहाला शिवलो नव्हतो, ते तुम्ही पाहिलं असणार; उपाशी माणूस उपाशी माणसाला ओळखतोच. त्यानंतर दर रमजानात, अगदी शेवटच्या वर्षापर्यंत, तुम्ही आधी तेच विचारत राहिलात. दरवेळी खरं सांगायची संधी होती. मी नुसता 'नाही' म्हणत राहिलो आणि तुम्ही पळी देत राहिलात.

आता देग उकळतेय. मीठ अंदाजानं टाकलंय, आणि एकदा टाकलं की दोनदा, हेही नीट आठवत नाही. मघाशी सून येऊन विचारून गेली, "आबा, चाखलं का?"

"व्हय, बराबर हाय," मी म्हणालो, आणि माझ्याच आवाजाला दचकलो. 

म्हणून हे लिहायला बसलो. हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, आणि सून तर चार पावलांवर भाजी निवडतेय. मी चाखलं नव्हतं, उस्ताद. तेव्हाही नाही, आजही नाही. आता कागद खिशात घालतो, पळी भरतो आणि तिला चाखायला हाक मारतो. पळी पुढं करण्याआधी तेवढं विचारीन, आज तुझा उपास तर नाही ना.