चालू नळ बंद करून

आई, माझी नोकरी तुला समजावून सांगायची वेळच आली नाही. आली असती तर तू हसली असतीस. मी सुलभक आहे. शाळांत, सोसायट्यांच्या हॉलमध्ये, कधी वागळे इस्टेटमधल्या एखाद्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्येसुद्धा जाते आणि प्रामाणिकपणा, धीर, आपुलकी अशा गुणांवर लोकांना बोलतं करते. शिकवत नाही, बोलतं करते; आमच्यात हा फरक फार महत्त्वाचा मानतात. दिवा स्टेशनजवळच्या शाळेतला शिपाई मात्र फाटकावरून सरळ वर्दी देतो की संस्कारवाल्या मॅडम आल्या. तू काय विचारलं असतंस तेही मला ठाऊक आहे. अगं, हे आता घरात कोणी करत नाही का?

करतात गं. पण कसं करतात याचंच मला कुतूहल आहे, आणि त्यापायीच आज लिहायला बसले. आमच्या सत्रात एक ठरलेला भाग असतो. आईवडिलांनी मुलासमोर बसायचं, त्याच्या डोळ्यांत बघायचं आणि त्याच्यात दिसलेला एक गुण त्याला सांगायचा, तोही कुठल्या प्रसंगात दिसला त्यासकट. नुसतं शहाणा आहेस, गुणाचा आहेस, असलं चालत नाही. इतकी वर्षं मी हे लोकांकडून करून घेते आणि दरवेळी मनात तेच येतं, की तू माझ्यासमोर अशी कधी बसली नाहीस. निकाल दाखवला की तू म्हणायचीस, "बरंय. अक्षर सुधार." वक्तृत्वाचा कप आणला तेव्हा तो फळीवर ठेवलास आणि मला दळण आणायला पिटाळलंस. तुला माझ्यात काही चांगलं दिसतं का, एवढंच मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. मी कॉलेजात असतानाच तू गेलीस.

तू कौतुक करायचीस, हे मला माहीत होतं, आणि तेच जास्त लागायचं. डोंबिवलीच्या त्या चाळीत आपल्या आणि शेजारच्या काकूंच्या खोलीत मिळून एकच नळ, आपल्या दाराला लागून, गॅलरीत. सकाळी पाणी येतं ते जेमतेम पिंपं भरण्यापुरतं. तुम्ही दोघी नळावर, आणि मी आत, दाराच्या पडद्यामागे पाढे पाठ करतेय. आदल्या दिवशी शाळेत मी धावण्यात हरलेली असते. तुझा आवाज येतो, खणखणीत. "काल हरून आली, वहिनी, पण घरी येऊन त्या जिंकलेल्या पोरीचंच कौतुक, काय सुंदर पळाली म्हणे. मनानं मोठी आहे हो. तिला मात्र सांगू नका हं." पाढा राहिला बाजूला, मला रडूच आलं. सगळ्या जगाला सांगते आणि फक्त मलाच सांगायचं नाही! असं एकदा नाही, कितीदा झालं. दरवेळी शेवटी ते तिला सांगू नका. माझ्या एकटीपासून ते का लपवायचीस, हे कोडं मी तू गेल्यावरही सोबत घेऊन फिरले.

मागच्या महिन्यात दिव्याच्या शाळेत पालकांचं सत्र होतं. एका मुलीचे आईबाप कामावर, म्हणून तिची आजी आली होती, तिथल्याच जुन्या गावातली. हिरवंगार लुगडं, नाकात मोठी चमकी. बाकीचे पालक लाजत, अडखळत बोलायला लागले, पण आजी नातीसमोर गप्पच. मला वाटलं, कळलं नसेल, म्हणून पुन्हा समजावलं. तर मलाच म्हणाली, "पोरीचे तोंडावर नाय बोलाचा, बाय. नजर लागतं." आग्रह करायचा नाही, असा आमचा नियम, म्हणून मी बरं म्हटलं. तेवढ्यात तिनं करकर आवाज करत खुर्ची वळवली, नातीकडे पाठ केली आणि माझ्याकडे तोंड करून खाडीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "ही बारके भावाला आपले ताटातली मासली काढून देते आनि बोलते मना भूक नाय. मना सगला दिसतं." बघत होती माझ्याकडे, पण ते मला नव्हतंच. मागे नात बुटाची नाडी बांधत होती. तिचे हात थांबलेले, मान खाली, आणि गाल असे फुललेले की बघत राहावं. मी पुढची सूचना द्यायचीच विसरले.

तेव्हापासून मला चैन नाही. तुझीही पाठ माझ्याकडे मुद्दाम होती का? मी पडद्यामागे आहे, हे तुला ठाऊक होतं का? तुला विचारणं तर शक्यच नाही, म्हणून रविवारी विठ्ठलवाडीला काकूंकडे गेले. त्या आता मुलाकडे असतात. ऐकायला कमी येतं, पण आठवण लख्ख आहे. त्यांनी आधी मला पोहे खायला लावले, मग म्हणाल्या, तिच्या मनातलं मला काय माहीत. थोड्या वेळानं आपणहून बोलल्या.

"पण तुझ्या आईची एक खोड होती बघ, मला भारी राग यायचा. पाणी चालू असताना मध्येच नळ बंद करायची आणि बोलत राहायची. अहो, पाणी जाईल, माझा हंडा राहिलाय, असं मी म्हणायचे. तर म्हणायची, थांबा, एवढं सांगते."

मी विचारलं, काय सांगायची?

"तुझंच काहीतरी असायचं."

आई, तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा तू कुंडीत ओतायचीस. ते पिंप भरताना काय आवाज व्हायचा, आत काही म्हणता काही ऐकू यायचं नाही. आणि काकू तर तुझ्या खांद्याला खांदा लावून उभ्या असायच्या. त्यांना ऐकू यायला नळ बंद करायची काहीच गरज नव्हती.

मला हे फार उशिरा कळलं, पण कळलं, आणि मला खूप बरं वाटलं. हे पत्र कुठे पाठवणार, इथेच खणात राहील. फक्त एक कबूल करते. आज सकाळी मी चटणी वाटत होते, हे ओट्याजवळ चहा पीत उभे होते. मी त्यांना तुझ्याबद्दल सांगितलं, तुझ्यात मला काय दिसलं ते, प्रसंगासकट. सांगण्याआधी चालू मिक्सर बंद केला. आणि शेवटी मी जरा मोठ्यानंच म्हणाले, आईला सांगू नका हं.