दोन जाळ्या आणि सहाशे नानकटाया

सोमवार, १० डिसेंबर २००१. सकाळी १०.२०
घरात धूर. आग नाही. हिच्या ओव्हनच्या दोन्ही जाळ्यांवर तूप जळून डांबरासारखा थर बसलाय, तो पेटता पेटता राहिला. हुबळीत लॅमिंग्टन रोडच्या एका शाळेच्या गॅदरिंगसाठी हिला, म्हणजे माझ्या बायकोला, अंबूला, सहाशे नानकटायांची ऑर्डर आहे, २२ तारखेला. तिची पहिलीच मोठी ऑर्डर.

अंबू म्हणते, लक्कव्वा येईपर्यंत थांबू. लक्कव्वा तिची पार्टनर. वीस वर्षं हुबळीत कँटीनचं किचन सांभाळलेली बाई. सध्या लेकीच्या बाळंतपणाला अळणावरला. रविवारी येणार.

थांबायचं कशाला? मार्चमध्ये व्हीआरएस घेतल्यापासून मी रिकामाच, म्हणजे उपलब्ध आहे. अठ्ठावीस वर्षं बँक सांभाळली, दोन जाळ्या म्हणजे काय! सगळं घरातलंच वापरायचं. मुदत: तीन दिवस.

मंगळवार, ११
लिंबू आणि मीठ. लिंबं चौदा. बोटाला सकाळी ब्लेड लागलंय हे रस लागल्यावर कळलं. थर जागचा हलला नाही, पण वास फार प्रसन्न. खिडकीजवळ धरली तर एक कोपरा उजळल्यासारखा वाटतो. अंबू म्हणाली, खिडकीजवळ सगळंच उजळतं.

बुधवार, १२
सकाळी चिंच. पितळेची भांडी निघतात, मग जाळ्या का नाही? नाहीच.

दुपारी खायचा सोडा आणि व्हिनेगर. काय फसफसलं! अंबूला हाक मारून दाखवलं. फेस खाली बसला. थर होता तसाच. "आवाज छान झाला," म्हणाली. मग डबा उघडून बघितला. नानकटाईला ठेवलेला सोडा संपलाय.

चूक पदार्थांची नाही. जाळ्या पूर्ण बुडाल्या पाहिजेत, हे माझ्या लक्षात आलं. दुसऱ्या कुणाच्या आलं नसतं.

गुरुवार, १३. दुपारी ४
आज नळाला पाणी आलं, आठ दिवसांनी. हौद काठोकाठ भरला. अंबू शाळेच्या बाईंना भेटायला हुबळीला गेलेली.

जाळ्या दोन फुटी. बादलीत मावत नाहीत, घंगाळात मावत नाहीत. हौदात बरोब्बर मावतात. धुण्याचा सोडा एक किलो, वर साबणाची पावडर. काठीनं ढवळलं. आता फक्त वाट बघायची.

संध्या. ७
अंबू आली. हातपाय धुवायला हौदात तांब्या घातला.

पाणी वाया गेलेलं नाही, हे मी तिला शांतपणे समजावलं. आठ दिवस कपडे धुवायला तयार पाणी आहे. तिनं तांब्या माझ्या हातात दिला आणि रिकामी घागर दाराशी आणून ठेवली.

शुक्रवार, १४
शेजारच्या शेषगिरींच्या विहिरीवरून बावीस घागरी पाणी आणलं. व्यायाम हवाच होता. जाळ्या हौदातून काढल्या. थर मऊ झालाय, पण सुटत नाही. थंड पाण्याचा दोष.

शनिवार, १५. सकाळी ११
दारं रंगवताना उरलेला पॉलिश पेपर सापडला. तोही घरातलाच. एक जाळी दीड तास घासली. चकाकते! अंबूला दाखवायला नेली, ती फोनवर होती. दाराशी उभा राहिलो.

दुपारी ३
चकाकी जरा तांबूस झाली आहे.

संध्या. ६
गंज म्हणतात तो हाच. वरचा मुलामाच निघाला.

रविवार, १६
लक्कव्वा आली. घासलेली जाळी उलटसुलट करून बघितली.

"अण्णा, ह्यावर आता खायचं काही ठेवायचं नाही बघा."

मी दुसरी घासायला घेतली होती. "साकु, अण्णा, साकु," म्हणत तिनं हातातून काढून घेतली. पुरे, एवढं कन्नड मला येतं.

जुनी चादर मागितली. जाळी तीत गुंडाळली, मोठ्या परातीत तिरकी कशीबशी बसवली, वरून कढत पाणी आणि मूठभर धुण्याचा सोडा. म्हणाली, "आता सकाळपर्यंत हात लावायचा नाही." हे माझ्याकडे बघून.

सोमवार, १७
नारळाच्या शेंडीनं पाच मिनिटांत जाळी स्वच्छ. पाणी लागलं एक बादली. पद्धत माझीच आहे. मी फक्त गरम केलं नव्हतं.

एकच जाळी, म्हणजे एका खेपेला निम्म्याच नानकटाया. अंबू कागदावर खेपा मोजत बसली होती. मी म्हटलं, नवी जाळी बनवून आणतो. ती मान वर न करता म्हणाली, "अहो, दहा वाजले की तुम्हाला घर खायला उठतं, मला दिसतं ते. काम हवं होतं तर मागायचं होतं."

तसं काही नाही. दहा वाजता मी जरा बागेत जातो, इतकंच.

गुरुवार, २०
काम मिळालं. घड्याळ घेऊन ओव्हनसमोर बसायचं, अठरा मिनिटं झाली की हाक मारायची. जबाबदारीची पोस्ट आहे. माणसाला घड्याळाची सवय लागते.

दुपारी ३.४०
बारावी खेप आत. फुरसत आहे म्हणून लिहितोय. खरं म्हणजे या धंद्याला शिस्त लावायला माझ्यासारखाच माणूस हवा होता. नोंदवही हवी, प्रत्येक खेपेचा नंबर हवा. जळका वास येतोय. बहुतेक शेषगिरींकडून.

दुपारी ४
शेषगिरींकडून नव्हता.

शनिवार, २२
सहाशे पूर्ण. जळालेल्या खेपेच्या जागी नवी खेप दोघींनी काल लावली. काल घड्याळ लक्कव्वाकडे होतं. गॅदरिंगमध्ये पोरांनी डबे रिकामे केले. शाळेतल्याच तीन शिक्षिका म्हणाल्या, आम्हाला शिकवा. अंबू लाजली. पंचवीस वर्षांत असं लाजताना बघितली नव्हती.

बुधवार, २६
घरीच क्लास सुरू होणार. 'ओव्हनची निगा' या विषयावर माझं व्याख्यान तयार आहे, चाळीस मिनिटांचं.

अंबू म्हणाली, निगा लक्कव्वा शिकवेल. पण बोर्ड तुम्हीच लिहा, तुमचं अक्षर चांगलं आहे.

लिहिला. 'बेकिंग क्लास. शिकवणार: सौ. अंबूताई, लक्कव्वा.' खाली एका ओळीची जागा राखून ठेवली, घाई नको म्हणून. अंबूनं बोर्ड लांबून बघितला, छान म्हणाली, आणि त्या जागेत 'चपला बाहेर काढाव्यात' लिहायला सांगितलं.

चांगल्या अक्षरात लिहिलं.