घासलेलं तळं

१२ मार्च

ह्यांना दवाखान्यात नेऊन आज नऊ दिवस झाले. मेंदूत रक्तस्राव. वाचा गेली आहे, ती कधी येईल "सांगता येत नाही". इतकं शिकून डॉक्टरांना एवढंच सांगता येतं!

घरी आले तर मागच्या बागेतलं तळं हिरवंगार, बुळबुळीत. तीस वर्षं ह्यांनी मला त्याला हात लावू दिला नाही. "तू तुझी भांडी बघ." बघते ना. उद्याच बघते.

१३ मार्च

सकाळी सातला पदर खोचला. सातही मासे बादल्यांत काढले, पाणी उपसलं, गाळ टोपलीने बाहेर टाकला. एकेक दगड काथ्याने घासला. मिशनच्या शाळेत सिस्टर बाकाखालून बोट फिरवायच्या आणि ते आमच्या नाकासमोर धरायच्या. आज त्यांनी खुशाल बोट फिरवावं. नळाचं स्वच्छ पाणी भरून मासे परत सोडले. तळाची फरशी निळी आहे, हे मला आज कळलं.

हे घरी आले की बघतीलच.

१४ मार्च

सातही मेले.

१५ मार्च

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत फोन करून विचारलं, पाण्यात काय कालवता? तिथली मुलगी म्हणाली, "तुम्ही रोज पिता तेच." उद्धट. मग शेजारणीच्या मांजराला शिव्या घातल्या. पण मांजर सात मासे मारून न खाता थोडंच जाईल?

शेवटी शोभेचे मासे विकणाऱ्याकडे गेले. सगळं ऐकून तो कपाळाला हात लावून बसला. "काकू, तळं होतं ते. पातेलं नव्हे." त्या बुळबुळीतच म्हणे तळ्याचा जीव असतो. डोळ्यांना न दिसणारं काहीतरी तिथे राहतं आणि माशांची घाण खातं. ते मी घासून काढलं. वर नळाच्या पाण्यातल्या औषधाने कल्ले जळले. पाणी दोन दिवस पिंपात उघडं ठेवायचं आणि मग थोडं थोडं घालायचं.

"काकांनी कधी सांगितलं नाही?"

सांगितलं असेल. मी ऐकलं नसेल.

२ एप्रिल

रोज ह्यांचा हात धरून सांगते, मासे मजेत आहेत. उभ्या जन्मात एवढं खोटं बोलले नव्हते. लेक फोनवर म्हणाली, "आई, खरं सांगून टाक. बाबा काय आता मासे मोजणार आहेत?" मोजतील! तुझा वाढदिवस दरवर्षी विसरतील, पण कुठल्या माशाची शेपटी फाटकी ते विसरायचे नाहीत.

त्यांना कळलं तर ते मला माफ करणार नाहीत. मीही केलं नसतं.

१९ मे

उन्हाने पाणी रोज दोन बोटं उतरतं. पिंपातलं घालते. दगडांवर पुन्हा शेवाळ धरलंय. हात शिवशिवतात, पण मागे घेते.

८ जुलै

आज सातवा, शेवटचा मासा आणला. बाकीचे दुकानदार म्हणाला होता तसे, एकदम नाही, दोन-दोन करून. दरवेळी फोटो घेऊन गेले. ह्यांच्या लाडक्या 'कारकुना'च्या पाठीवर डावीकडे पांढरा डाग होता, तसाच हवा म्हणून अडून बसले.

"काकू, मासा शोधताय की जावई?"

जावई शोधताना इतकं बघितलं नव्हतं. मिळाला तो उजव्या डागाचा.

१४ ऑक्टोबर

परतीच्या पावसाने झाडं झडताहेत. पानं पाण्यात कुजू नयेत म्हणून तळ्यावर जाळी ताणली. उद्या हे घरी येणार.

१५ ऑक्टोबर

चाकाची खुर्ची तळ्याशी नेली, जाळी काढली. बराच वेळ बघत होते. कारकून वर आला.

हे हसले.

सुटले मी. न्हाणीघरात जाऊन रडले.

३ डिसेंबर

थंडी वाढली. मासे तळाशी बसून आहेत. खाद्य बंद केलं, गारठ्यात त्यांना पचत नाही. हे रोज तासभर काठाशी बसतात आणि गोड हसतात.

खरं लिहू? आता राग येतो. डाग उजवीकडे आहे हो! तीस वर्षं ज्यांच्यापायी माझ्याशी धड बोलला नाहीत, त्यांच्या जागी कुठलेही सात टाकले तरी तुम्हाला चालतात? आणि मी सात महिने चोरासारखी झुरले. आज ह्यांच्या अगदी समोर वाकून बघितलं. माझ्याकडेही तसेच हसले.

११ जानेवारी

आज वाचा आली. पहिलं वाक्य नीट, स्पष्ट, माझ्याकडे बघून आणि फार अदबीने:

"आपण इथे नवीन आलात का?"

मी हो म्हणाले.