कॉम्बी बॉयलर आणि माझी बादली

६ ऑक्टोबर २००७, शनिवार. एडिसन.

मला अक्षर येत नाही. म्हणून ही वही मी सांगते आणि सूनबाई मालिनी लिहिते. अट एकच. हातानं लिहायचं, कानानं ऐकायचं नाही. वहीतलं काहीही मालिनीला कळता कामा नये. कबूल म्हणाली.

तळघरातली गरम पाण्याची टाकी खालून गळतेय. बरं झालं. एवढी मोठी टाकी, पण नात वल्लरी शॉवरखाली चाळीस मिनिटं उभी राहिली की माझ्या बादलीला कोमट. हायस्कूलची बस लवकर असते, म्हणून पहिला नंबर तिचा. चाळीस मिनिटांत एवढ्याशा पोरीचं काय धुवायचं असतं, कळत नाही.

संकल्प: नवीन यंत्र मी निवडणार. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला मला कढत पाणी पाहिजे.

१४ ऑक्टोबर, रविवार.

दुकानात गेलो. मुलगा नंदू म्हणत होता, होती तशीच टाकी घेऊ. घर गरम करणारा बॉयलरही म्हातारा झालाय, पण तो पुढच्या वर्षी बघू. नंदूचं सगळं पुढच्या वर्षी.

भिंतीवर एक पांढरी पेटी टांगलेली. कॉम्बी बॉयलर. घरही तीच गरम करते, नळाचं पाणीही तीच. टाकी नाहीच. नळ उघडला की तापवायला लागते, आणि पाणी संपत नाही. मी बोटाच्या पेरानं वाजवून पाहिली, माठ घेताना वाजवतात तशी. आवाज पक्का. हीच, म्हटलं.

सेल्समन नळाबद्दल आणखी काहीतरी सांगत होता. नंदू त्याचं मराठी करायला लागला. मी म्हटलं, राहू दे, बारीकसारीक तुम्ही आपसात बोला.

२० ऑक्टोबर, शनिवार.

नंदू अडून बसलाय. म्हणे घर लहान, एवढं महागाचं यंत्र कशाला. खरं दुखणं वेगळंच. मी टबमध्ये बादली उचलते आणि एक दिवस घसरून पडेन, ही त्याची भीती. म्हणून भिंतीला दांडा लावलाय, टबात प्लास्टिकची खुर्ची ठेवलीय, आणि आई शॉवर घे, आई शॉवर घे. शॉवरखाली उभं राहायचं म्हणजे सरीत सापडलेली शेळी. माझी बादली, माझा तांब्या. मी घेईन तेवढंच पाणी अंगावर येतं.

शेवटी तो म्हणाला, “ठीक आहे आई, तुझाच बॉयलर आणू. पण त्याचं पाणी तुला गार लागलं, तर बादली बंद आणि शॉवर सुरू.”

“कबूल,” म्हटलं.

हरायचा प्रश्नच नाही. आवाज पक्का होता.

२७ ऑक्टोबर, शनिवार.

बॉयलर लागला. स्टॅन नावाचा प्लंबर दोन दिवस खपला. मी पेटीला हळदकुंकू लावलं. त्यानं ते घासून पुसलं. त्याला वाटलं, नव्या पेटीला गंज.

२८ ऑक्टोबर, सकाळ.

गार. नवीन आहे. नव्या सुनेला तरी पहिल्या दिवशी डबे कुठं सापडतात. मालिनी, हे तुझ्याबद्दल नाही. लिही.

२९ ऑक्टोबर.

गार. बाकी सगळ्यांना कढत. वल्लरी उकडलेल्या बटाट्यासारखी वाफाळत बाहेर आली आणि ‘ऑसम’ म्हणाली. नंदूनं विचारलं, पाणी कसं आहे. फर्स्ट क्लास, म्हटलं. दात वाजू नयेत म्हणून कप दातांत धरला.

३१ ऑक्टोबर.

मायक्रोवेव्हमध्ये चार वाडगे पाणी तापवून टॉवेलखाली लपवून नेलं. चार वाडग्यांत अंघोळ गुडघ्यांपर्यंतच होते. मालिनीला काही कळलं नाही. हे लिहिताना ती खोकली. थंडीचे दिवस आहेत.

२ नोव्हेंबर.

गार पाण्यानं तेज येतं. सात वेळा शिंकले, त्याचा संबंध नाही. बॉयलरला अजून माझी ओळख पटलेली नाही, एवढंच. मला या गावात सहा वर्षं झाली, मला तरी कोण ओळखतं.

५ नोव्हेंबर, सोमवार.

स्टॅन आला. म्हणे तपासणी. आठ दिवसांत कसली तपासणी? कोणी बोलावलं विचारलं, तर मालिनी म्हणाली, ते आपणहून येतात. सर्व्हिस चांगली आहे.

त्यानं बाथरूमचा नळ सोडला. कढत. मग मला खुणेनं म्हणाला, तुम्ही उघडा. मी रोजच्यासारखा उघडला. काडेपेटीतल्या काडीएवढी धार. स्टॅन आधी धारेकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. तळघरात जाऊन आला आणि मालिनीशी बोलला. ती म्हणाली, “आई, इतक्या बारीक धारेला हा बॉयलर पेटतच नाही. कोणी पाणी मागतंय हे त्याला कळत नाही. नळ निम्मा तरी सोडा.”

म्हसवडला आमच्या आळीत दर चौथ्या दिवशी पाणी यायचं. ही काडीएवढी धार मी तिथून घेऊन आलेय. एका पेटीसाठी मी ती मोडणार नाही. मागणाऱ्यानं हळू मागितलं तरी ऐकू आलं पाहिजे.

नंदूला यातलं कळता कामा नये. मालिनी म्हणाली, मी कुठं काय ऐकलं.

७ नोव्हेंबर, बुधवार.

संकल्प: उद्या नळ निम्मा सोडेन. एकदाच, सणापुरता. बॉयलर जिंकला असं नव्हे, मी सूट दिली. अंघोळ मात्र बादलीनंच.

८ नोव्हेंबर, नरक चतुर्दशी. अंघोळ पहाटे ५:१० ते ५:५२.

मालिनीनं तेल लावून दिलं. नंदूनं दाराबाहेरून विचारलं, “आई, पाणी गार नाही ना?”

“नाही,” म्हटलं. नळ अजून उघडायचा होता.

टबमध्ये बादली ठेवली आणि नळ निम्मा सोडला. धडधड पाणी. पहिलं सगळं गार, तळघरातून वर यायला वेळ लागतो. सोडून कसं द्यायचं? बादलीत धरलं. बादली काठोकाठ भरली, तेव्हा कुठं कढत आलं. ते तांब्यात धरलं. तांब्या भरला. आता धरायला भांडं नाही. गार पाणी ओतून देववेना, आणि कढत पाणी डोळ्यांदेखत वाया चाललेलं. अंगभर तेल.

नळावरची खुंटी ओढली. पाणी वरून आलं.

वाया जाऊ नये म्हणून खाली थांबले. उभी नव्हते, खुर्ची होतीच.

पाणी गरम होतं. एवढंच लिही. वल्लरी दार वाजवत ‘आजी, अदर पीपल लिव्ह हिअर’ म्हणाली, ते लिहू नकोस.

बाहेर आले तर नंदूनं आत डोकावून बादलीकडे पाहिलं. भरलेली, गार, तशीच. मीच सांगितलं, बादली बंद झालेली नाही, रोज लागणार आहे. कढीपत्त्याच्या कुंडीला.

दहा मिनिटांची अंघोळ झाली, असं लिही. मालिनी म्हणते, वेळ वर आधीच लिहिलीय. असेल बरोबर. मला कुठं वाचता येतं.